खाडीतला झिरा

मार्च लागला की नाशिकला आमच्या इंदिरानगरात संध्याकाळी टीव्हीचे आवाज खाली येतात. एरवी शेजारच्या मालिकेतली सासू काय बोलली ते आम्हाला आमच्या ओट्यापाशी ऐकू येतं, पण दहावीची परीक्षा तोंडावर आली की अख्खी इमारत शहाण्यासारखी वागते. जिन्यात मुलं फेऱ्या मारत सनावळ्या घोकतात. कुणाची तरी आई बदामाचं दूध घेऊन मागे मागे हिंडते. मी सातपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे या दिवसांत आमच्या दाराची बेल जरा जास्तच वाजते. भूगोलाला वर्षभर कुणी विचारत नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र तो सगळ्यांना एकदम आठवतो आणि मग माझा भाव वधारतो.

परवा अशीच खालच्या मजल्यावरची एक मुलगी नकाशा घेऊन आली. दारातूनच तिनं विचारलं, "मॅडम, खाडी म्हणजे नदी की समुद्र? एकच काय ते सांगा." परीक्षेच्या दिवसांत मुलांना एकच उत्तर हवं असतं, त्यात त्यांची चूक नाही. मी पुस्तकातलं सांगितलं. नदी समुद्राला मिळते तिथे भरतीचं पाणी आत जिथवर शिरतं, त्या भागाला खाडी म्हणायचं. तिनं ते लिहून घेतलं आणि पळाली.

तिचा नकाशा माझ्यापाशी राहिला. महाराष्ट्राची नुसती बाह्यरेषा, आत सगळं कोरं. नाशिकच्या पश्चिमेला माझं बोट आपोआप गेलं आणि रेषेवर अडखळलं. आमच्या गावचं पाणी त्या रेषेपलीकडे जातं. महाराष्ट्राच्या नकाशात आमच्या नदीचं मूळ आहे, मुख नाही. ती कागदाच्या काठावरून खाली पडते आणि तिचं पुढे काय होतं ते कुणी विचारत नाही. मला ते ठाऊक आहे. दहावीच्या वर्षी संक्रांतीपासून होळीच्या आधीपर्यंत मी त्या नदीच्या मुखाशी राहत होते.

नाशिकहून पेठ रस्त्याला लागलात की सावळघाट येतो. घाटाच्या अलीकडे पडलेलं पाणी गोदावरीला जातं आणि अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतं. पलीकडे पडलेलं दमणगंगेतून अरबी समुद्रात जातं. नाशिकची माणसं गोदावरीला नुसतं गंगा म्हणतात, आमच्या नदीच्या नावातही गंगा आहे, म्हणजे एका डोंगराच्या दोन अंगांना दोन गंगा. गोदावरी सावकाश चालते, वाटेत तिला घाट लागतात, देवळं लागतात, कुंभमेळे लागतात. आमची मात्र घाईची. डोंगरावरून उड्या टाकत उतरते, दगडगोटे ढकलत गुजरातेत शिरते आणि दम खायच्या आत समुद्राशी पोचते. पावसाळ्यात तिच्या जवळ जायची सोय नाही. होळीच्या सुमाराला तीच नदी शोधावी लागते.

आमचं गाव पेठ तालुक्यातलं, डोंगराच्या कुशीतलं. भात आणि नागली निघाली, झोडणी झाली की घरात बसून भागायचं नाही. मग माणसं कामाला जायची. कुणी दिंडोरीकडे द्राक्षाला, कुणी वीटभट्टीवर, कुणी "खाली". खाली म्हणजे गुजरातेत, समुद्राच्या अंगाला. वरखाली हे आमचं साधं बोलणं आहे. खाली जायचं ते कामाला आणि वर यायचं ते होळीला. दिवाळी एकवेळ चुकली तरी चालते, पण होळीला आमच्याकडचा माणूस जिथे असेल तिथून वर येतो. मालक कितीही खट असला तरी होळीला आडवा येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी कामावर कुणी राहणारच नाही हे त्यालाही माहीत असतं.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी पेठला वसतिगृहात राहून दहावीत शिकत होते. आय आणि बा दरवर्षी भट्टीवर जायचे, आणि माझा धाकटा भाऊ काशा झाल्यापासून त्याला माझी मोठी बहीण सांभाळायची. आदल्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. यंदा मुकादमानं भट्टीऐवजी खाडीवरचं काम घेतलं होतं, वाळू भरायचं. पाण्याकाठी दोन वर्षांचं पोर आणि आईबाप दोघं कामावर, म्हणजे त्याच्यापाशी कुणीतरी हवं. कोण, ते उघडच होतं. बा मला न्यायला वसतिगृहावर आला आणि गुरुजींच्या समोर उभा राहिला. होळीला वर आणतो, असं तो म्हणाला.

परीक्षा होळीच्या आधी सुरू होते, हे त्याला गुरुजींनी सांगितलं. बानं मान हलवली. त्यातून काय समजायचं ते गुरुजींनाही कळलं नाही आणि मलाही. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "खाली गेलेली मुलगी परत बाकावर आलेली मी अजून पाहिली नाही, सुमन. तू ये." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते अगदी हळू बोलले, म्हणून मला रडू आलं. पुस्तकं दप्तरात कोंबताना मला आपण नक्की परत येऊ असं एकदाही वाटलं नाही.

ट्रकनं आम्हाला दुपारी दमणच्या खाडीच्या काठावर उतरवलं. समोर रुंदच रुंद पात्र, सगळं कोरडं. मध्ये वाळूचा मोठा पट्टा आणि त्याच्या कडेनं पाण्याची एक बारीक धार समुद्राकडे चाललेली. आय खूश झाली. एवढी वाळू म्हणजे पाण्याची ददात नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की बायका पात्रातल्या वाळूत हातानं खड्डा करतात. त्याला झिरा म्हणायचं. थोडं थांबलं की त्यात नितळ पाणी झिरपतं, ते वाटीनं उपसून हंड्यात भरायचं. आयच्या हाताला झिऱ्याची जागा बरोबर कळायची, आणि याचा तिला गर्वही होता. बाकीच्या बाया झोपड्यांसाठी जागा बघत होत्या तोवर ती काशाला आणि मला घेऊन थेट वाळूच्या पट्ट्यावर गेली. हंडा, तांदळाचं गाठोडं, माझं दप्तर, सगळं तिनं घरच्यासारखं शेजारी मांडलं आणि खणायला बसली.

पाणी लगेच आलं. दिसायला अगदी स्वच्छ. आयनं ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. कुणीतरी इथे मिठाची गोणी धुतली असणार, असं तिचं म्हणणं पडलं. मग तिनं जरा लांब दुसरा झिरा खणला. तोही खारट. तिसऱ्याच्या वेळी ती चिडून वाळूशीच भांडायला लागली होती. माझं लक्ष कडेच्या धारेकडे गेलं. धार थांबली होती. वाहतं पाणी वाटेत उभं राहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. आणि बघता बघता ती धार उलटी वाहू लागली. समुद्राकडून डोंगराकडे.

मी आयला हाक मारली तरी तिला वाटलं, पोरगी काहीतरीच सांगते आहे. काठावरून एक उंच बाई दोन्ही हात हलवत ओरडत होती, "पाणी चढे छे, पाणी चढे छे." बा काठावरून धावत सुटला. पाणी कुठून येतंय ते कळत नव्हतं, ते सगळीकडूनच येत होतं, न बोलता. बानं काशाला खांद्यावर घेतलं, आयनं हंडा आणि तांदूळ उचलले, आणि आम्ही गुडघाभर चिखलातून कसेबसे काठाला लागलो. वळून पाहिलं तर झिऱ्याची जागा दिसेना. माझं दप्तर पाण्यावर तरंगत डोंगराच्या दिशेनं चाललं होतं. आमच्या सगळ्यांच्या आधी तेच घरच्या वाटेला लागलं.

आमच्या डोंगरातल्या कुणालाही विचारा, नदी एकीकडेच जाते. एकदा गेलेलं पाणी परत यायचं म्हणजे पुढच्या पावसाळ्यातच यायचं. नदीच्या पात्रात संसार मांडू नये हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं, उलट उन्हाळ्यात तिथेच तर संसार मांडतात. तेव्हा आयची चूक ही मी चूक मानत नाही. पण मुकादमासकट सगळी माणसं त्यानंतर कितीतरी दिवस तिला "झिरा लागला का" असं विचारून हसायची, आणि ती खरोखर चिडायची. पाण्यावर तिचा फार राग होता. गेलं ते गेलं, पुन्हा तोंड दाखवायला येतं कशाला, असं ती त्याला ऐकवायची.

काठावर ओरडणारी बाई म्हणजे लक्ष्मीबेन. तिच्या घरच्या होड्या वाळूच्या कामावर लागायच्या आणि तिच्या आडाचं पाणी गोड होतं. त्या संध्याकाळी तिनं आम्हाला पाणी दिलं, आणि तिवरांच्या मुळांत अडकलेलं माझं दप्तरही तिच्याच माणसांनी आणून दिलं. पुस्तकांचा लगदा व्हायचाच बाकी होता. मी रडायला लागले. लक्ष्मीबेननं पुस्तकं माझ्या हातातून घेतली, एकेक उघडली आणि अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले होते त्यांच्या शेजारी टांगली. चार दिवस बोंबील, बीजगणित, बोंबील, भूगोल अशी रांग होती. वाळल्यावर पानं जाडजूड झाली, कडेला मिठाची पांढरी रेघ आली, आणि वास तर विचारूच नका. लक्ष्मीबेनच्या मांजरानं माझा इतिहास दोनदा पळवला. अभ्यासाची त्याच्याइतकी ओढ मला पुढे एकाही विद्यार्थ्यात दिसली नाही.

खाडीवरचं काम घड्याळावर चालत नाही. ओहोटी लागली की होड्या वाळूच्या पट्ट्यावर टेकायच्या, सगळी माणसं घमेली घेऊन उतरायची आणि पाणी परत यायच्या आत होडी भरायची. भरती आली की भरलेली होडी आपोआप उचलली जायची आणि पाण्याबरोबर धक्क्याला लागायची. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा थोडी पुढे सरकायची. मग आमचं जेवण, झोप, भांडणं, सगळंच सरकत जायचं. ओहोटीत मी काशाला सांभाळायची. त्याच्या कमरेला आयचं जुनं लुगडं बांधून दुसरं टोक माझ्या पायाला. भरतीत आय काठावर यायची, काशाला घ्यायची, आणि मला म्हणायची, बस आता. मग मी धक्क्याच्या पायऱ्यांवर पुस्तक उघडून बसायची. पाणी एकेक पायरी चढायचं आणि मी एकेक पायरी वर सरकायची. खालून वर पोचेपर्यंत एक धडा व्हायचा.

चंद्राच्या आणि सूर्याच्या ओढीनं भरती येते, हे मी खालच्या वर्गात पाठ केलं होतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला ती मोठी असते, हेही. पण पौर्णिमेला आमच्या झोपडीच्या दाराशी पाणी आलं, तेव्हा ते वाक्य मला पहिल्यांदा कळलं. पुढे शिकताना कळलं की हा किनारा खंभातच्या आखातापाशी नरसाळ्यासारखा अरुंद होत जातो, म्हणून इथलं पाणी इतकं चढतं आणि उतरतं. दक्षिणेकडे कोकणात ते इतकं चढत नाही. तेव्हा मला आखात ठाऊक नव्हतं. मला पायऱ्या ठाऊक होत्या.

खाडीच्या एका तीरावर मोटी दमण आणि दुसऱ्या तीरावर नानी, म्हणजे लहान दमण. दोन्हीकडे पोर्तुगिजांचे किल्ले, एकमेकांकडे बघत बसलेले. मोटी दमण शांत, झाडांची, नानी दमण गजबजलेली, त्यामुळे नावं उलटी पडलीत असं मला वाटायचं. लक्ष्मीबेनच्या सासऱ्यांना पोर्तुगिजांचं राज्य आठवत होतं. पोर्तुगीज गेले तेव्हा आपण ऐन तारुण्यात होतो, असं ते सांगायचे आणि राज्याबद्दल कमी, तारुण्याबद्दल जास्त बोलायचे. मोठी गलबतं याच काठावर बांधली जायची, आणि त्यांचं सागवान वरच्या जंगलातून यायचं, हे मला त्यांच्याकडून पहिल्यांदा कळलं. नंतर वाचनातही ते सापडलं. आमच्या उताराच्या अंगाची झाडं इथे आली, त्यांची जहाजं झाली आणि ती जगभर हिंडली. खाली आलेल्यांत आम्हीच पहिले नव्हतो तर. पण झाडंही परत गेली नव्हती. गुरुजींचं वाक्य मला पुन्हा आठवलं आणि सागाचा तो इतिहास ऐकायला नको वाटू लागला.

फेब्रुवारी संपत आला. परीक्षा कधी सुरू होणार ते मी बाला दोनदा सांगितलं होतं. त्यानं मुकादमापाशी विषय काढला. मुकादम आमच्याच शेजारच्या गावचा, वाईट माणूस नव्हता. त्याचा नियम साधा होता. एकाला आधी सोडलं की सगळे मागणार, आणि होड्या रिकाम्या राहणार. होळीला एकच ट्रक करू, सगळे बरोबर जाऊ. परीक्षा काय, पुढल्या वर्षीही असते. बा परत आला आणि विडी ओढत बसला. मी त्याच्यावर रागावले नाही. एकदा 'नाही' ऐकलं की तो दुसऱ्यांदा विचारत नसे, स्वभावच तसा. त्या दिवशी भरती आली तरी मी पुस्तक उघडलं नाही. धक्क्याच्या वरच्या पायरीवर नुसती बसून राहिले.

आय येऊन शेजारी बसली. काशा तिच्या मांडीवर होता. पाणी जोरात आत शिरत होतं. एक नारळाची झावळी, एक चप्पल, कुठल्या तरी देवाला वाहिलेला झेंडूचा हार, असं काय काय त्याच्याबरोबर डोंगराकडे निघालं होतं. आय ते बराच वेळ बघत राहिली. तिचा त्या पाण्यावरचा राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही, पण त्या दिवशी तो दिसला नाही.

"पाणी रोज माघारी वर जातं," ती म्हणाली, "न् माझी पोर का नाय जायची?"

आणि उठून ती बाकडे गेली. तिनं काय ठरवलं होतं ते मी झोपडीबाहेर उभी राहून ऐकलं. आमच्या गावात होळीच्या मधोमध एक उंच सरळ बांबू उभा करतात. तो जंगलातून निवडून, तोडून आणायचा मान एका घराकडे असतो. त्या घरच्या माणसानं होळीच्या आधी बरेच दिवस गावात असायला लागतं. बांबू हेरायचा, उपास धरायचा, तोडल्यावर तो खांद्यावरून गावात येईपर्यंत भुईला टेकू द्यायचा नाही. यंदा हा मान आपल्या घरचा आहे असं मुकादमाला सांग, म्हणून आय बाच्या मागे लागली होती. होळीच्या कामाला मुकादम नाही म्हणणार नाही. त्यालाही वर तोंड दाखवायचंच होतं.

बा घाबरला. मालकाशी खोटं बोलणं निराळं आणि होळीचं नाव घेऊन खोटं बोलणं निराळं. त्याचं म्हणणं मला पटलं. मला वाटलं, संपलं आता.

आय म्हणाली, "खोटं कशाला? गावात जा न् मान मागून घे. मग खोटं कुठं राह्यलं?"

हे खरं की खोटं, ते मला आजही ठरवता येत नाही. बानं विडी विझवली आणि मुकादमाकडे गेला. मुकादमानं मान ऐकल्यावर हात जोडले आणि एका माणसाला सोडलं. बरोबर पोरगी कशाला, असं त्यानं विचारलंच. बा म्हणाला, उपासाचं कोण रांधणार. मुकादमानं मलाही सोडलं. एरवी चार शब्द बोलायला जड जाणाऱ्या माझ्या बानं त्या दिवशी एवढं सगळं कुठून आणलं कोण जाणे.

काशाचा प्रश्न लक्ष्मीबेननं सोडवला. तिनं त्याला आपल्या अंगणात नेलं आणि जाळ्याच्या दोरीनं खाटेच्या पायाला बांधलं. तो तिथे मांजराबरोबर आमच्यापेक्षा सुखात राहिला. आयनं मात्र आपलं आणि बाचं, दोघांचं काम अंगावर घेतलं.

आम्ही निघालो ते होडीतून. लक्ष्मीबेनच्या घरची एक वाळूची होडी भरतीबरोबर आत, वापीच्या पुलाच्या अंगाला जाणार होती, तिच्यात आम्हाला जागा मिळाली. दप्तर मी मांडीवर घट्ट धरलं होतं, ते एकदा एकटं गेलेलं असल्यामुळे. होडी उचलली गेली आणि चालू लागली. दोन्ही किल्ले मागे पडले. आय धक्क्यावर उभी होती, पावलांपर्यंत पाण्यात. तिनं हात हलवला नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. नुसती उभी राहिली. वळणापर्यंत मी तिला पाहत होते आणि मला हुंदके आवरत नव्हते. मला तिथून निघायचं होतं, रोज तेच मागितलं होतं, आणि आता पाणी मला नेत होतं तर आयला सोडून जाणं जमत नव्हतं.

पुढे काठ जवळ येत गेले, तिवरं संपली, ऊस आणि आंबे दिसू लागले. हळूहळू होडीची चाल मंदावली. होडीवाल्यानं बांबू रोवला आणि सांगितलं, इथपर्यंतच, इथून पुढे नदी. मी हात घालून पाणी तोंडाला लावलं. थोडं खारट, थोडं गोड. समोर, फार लांब, धुक्यात निळसर आमचे डोंगर होते. तिथून आम्हाला वर जाणारा ट्रक मिळाला.

गावात पोचल्याबरोबर बा म्हाताऱ्या माणसांपुढे जाऊन बसला आणि सगळं खरं सांगून मोकळा झाला. ज्याच्या घरचा मान होता तो स्वतः द्राक्षाच्या कामात दिंडोरीला अडकला होता. म्हातारी माणसं आधी खूप हसली, मग आपापसांत बोलली, आणि म्हणाली, पोरीच्या शाळेसाठी मान मागणारा हा पहिलाच, घे बाबा. मी वसतिगृहावर गेले. गुरुजी वर्गात शिकवत होते. त्यांनी मला पाहिलं आणि हातातला खडू खाली ठेवला. माझ्या बाकाकडे बोट केलं.

मग परीक्षा. माझ्या पुस्तकांच्या वासानं वसतिगृहातल्या मुली नाकाला ओढणी लावायच्या. मधल्या सुटीत घरी गेले तेव्हा आमच्या वासरानं मिठासाठी इतिहासाचं पुस्तक चाटता चाटता दुसऱ्या महायुद्धाची दोन पानं खाल्ली. शेवटचा पेपर भूगोलाचा राहिला होता, त्याच्या आधी होळी आली. बानं आणलेला बांबू पटांगणात उभा होता, उंच आणि सरळ, आणि बा उपासानं वाळून त्याच्याच शेजारी उभा होता. दिवस मावळायला ट्रकचा आवाज आला. खाली गेलेली सगळी माणसं उतरली. आय उतरली, तिच्या कडेवर काशा, हातात लक्ष्मीबेननं दिलेले बोंबील. तिनं बांबूकडे पाहिलं, बाकडे पाहिलं, आणि मला जवळ घेऊन आधी हेच विचारलं, की पेपर किती राहिले. एकच, म्हणाले. मग ती होळीला नमस्कार करायला गेली.

त्या भूगोलाच्या पेपरात भरती-ओहोटीवर एकही प्रश्न नव्हता. नकाशात ज्या नद्या दाखवायला सांगितल्या त्यांत दमणगंगा नव्हती. मी ती दाखवली, राज्याच्या रेषेबाहेरच्या मुखासकट. तिचे गुण मिळाले नसणार. पण मी पास झाले, पुढे शिकले, आणि आज सातपूरच्या वर्गात पेठ-सुरगाण्याकडची मुलं दिसली की कोणाचं घर यंदा खाली गेलंय ते आधी विचारून घेते. त्यांच्या घरच्यांशी बोलायला मी स्वतः जाते. काहींच्या बाबतीत यश येतं, काहींच्या नाही. काही मुलं होळीनंतरही येतात, त्यांना मी गुरुजींसारखं बाकाकडे बोट करून दाखवते.

नोकरी लागून चार पैसे हातात आले तेव्हा आयला विचारलं, तुला कुठे फिरवून आणू. मला वाटलं होतं, एखाद्या देवाचं नाव घेईल. ती म्हणाली, लक्ष्मीबेनकडे. मग होळीच्या आधीच्या एका रविवारी आम्ही दोघी गेलो. लक्ष्मीबेन थकली होती, पण तिनं आयला ओळखलं आणि ओळखल्याबरोबर विचारलं, झिरा लागला का. या वेळी आय चिडली नाही. दोघी म्हाताऱ्या इतक्या हसल्या की घरातल्या सुना बाहेर येऊन बघायला लागल्या.

दुपारी ओहोटी होती. आय मला घेऊन वाळूच्या पट्ट्यावर उतरली. तिनं चपला काढून हातात घेतल्या, इकडेतिकडे पाहिलं, एक जागा हेरली आणि खाली बसून हातानं वाळू उकरली. पाणी आलं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि अजून खारंच हाय, असं म्हणून समाधानानं उठली. तेवढ्यात कडेची धार थांबली. आम्ही सावकाश चालत धक्क्यावर आलो आणि पायरीवर बसलो. पाणी वळलं आणि आत निघालं, आमच्या डोंगरांकडे. आता कुणालाच कुठे जायची घाई नव्हती.

आयनं विचारलं, "हे पाणी आपल्या गावाला कवा पोचंल?"

मी भूगोलाची शिक्षिका. हे पाणी वापीच्या पुलाच्या थोडं पुढे जाऊन थांबतं, तिथून माघारी फिरतं, डोंगर चढत नाही, हे मला ठाऊक आहे. आयलाही ठाऊक होतं, तिनं त्या पाण्यात दोन महिने काम केलं होतं. ती माझ्याकडे न बघता वाट पाहत होती.

"होळीच्या आत पोचेल," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, चपला पायात घातल्या आणि म्हणाली, "मग चल. आपल्याला त्याच्या आधी पोचाया पायजे."